नवी बोट नंतर, आधी रविवारची वेळ बदला

*नमस्कार ताई,*

*गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर आमचा शिडाच्या बोटींचा छोटा क्लब आहे. काही निवृत्त मंडळींनी हौसेनं सुरू केला, संस्था म्हणून रीतसर नोंदणीही आहे. मी सचिव आहे. कागदावर 46 सभासद आहेत, पण रविवारी सकाळी सातला काठावर असतात सहा-सात. मुलांच्या पाच ऑप्टिमिस्ट, तीन लेझर, दोन एंटरप्राइज अशा दहा बोटी, शिवाय एक इंजिनाची बचाव बोट. दहातल्या धड चालतात चारच. मे महिन्यात मुलांचं शिबिर घेतो, त्याला गर्दी होते, पण जूननंतर त्यातलं एकही मूल परत दिसत नाही. थोडी शिल्लक जमली आहे. अध्यक्ष काका म्हणतात, नवी लेझर घेऊ, लोक आपोआप येतील. तरुण मुलं म्हणतात, रेस सुरू करा. यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतकं वाजलं की दोघं ग्रुप सोडून गेले. किल्ल्या, पेट्रोल, पावत्या, चहा सगळं आम्हा चौघांच्याच गळ्यात. घरचे म्हणतात, सोडून दे. सोडू का?*

*एक सचिव, नाशिक*

नमस्कार,

आधी थेट उत्तर देते. नवी लेझर यंदा घेऊ नका, आणि तुम्हीही असे मधेच सोडू नका. का, ते आता सविस्तर सांगते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही जाता जाता दिली आहे: क्लब रविवारी सकाळी सातला भरतो. नाशिकची थंडीतली सकाळ कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. धरणावर धुक्याचा थर, पाण्यावर साधा तरंग नाही आणि शीड डोलकाठीला लोंबकळतंय. गारठ्यात एवढ्या लांब आलेला सभासद अर्धा तास खपून बोट सज्ज करतो, पाण्यात ढकलतो, तासभर जागच्या जागी बसतो आणि वल्हं मारत परत येतो. असे दोन रविवार गेले की तिसऱ्या रविवारी तो पांघरुणातून बाहेर येत नाही. त्याला हौस नव्हती असं म्हणू नका, त्याला वाराच मिळाला नाही. ऊन चढतं, जमीन तापते, तेव्हा कुठे हवा हलायला लागते. थंडीत दुपारी हलकी का होईना झुळूक मिळते. उन्हाळा लागला की दुपारनंतर पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या डोंगरांच्या बाजूनं, चांगला वारा येतो. तुमची मंडळी जेवून आडवी झालेली असतात नेमकी तेव्हाच शिडाची वेळ सुरू होते. म्हणून क्लबची वेळ दुपारी दोनची करा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सगळ्या बोटी काठावर घ्या. सकाळ दुरुस्तीला आणि जमिनीवरच्या शिकवणीला ठेवा. या बदलाला एक रुपया लागत नाही.

दुसरं म्हणजे एक वही घाला. दर रविवारी तिच्यात एवढंच लिहायचं: आज किती जणांनी स्वतः सुकाणू हातात धरलं, आणि सगळ्यांचे मिळून किती तास झाले. हा आकडा वाढत असेल तर क्लब जिवंत आहे. घटत असेल तर सभासदांची यादी कितीही लांब असो, तिच्यावर विसंबू नका. समितीपुढे कुठलाही खर्च आला की विचारा, यानं वहीतले तास वाढतील का? किती भांडणं तिथल्या तिथे मिटतात ते बघा.

आता हाच प्रश्न नव्या लेझरला लावू. लेझर ही एकट्यानं चालवायची बोट. लांबी 4.23 मीटर, आणि मोठ्या माणसाच्या शिडाचं क्षेत्रफळ 7.06 चौरस मीटर. अंगात वजन आणि हातात सराव असलेल्याला ती फार सुंदर चालते, नवखा मात्र पहिल्या जोरदार झुळकीलाच पाण्यात जातो. म्हणजे नवी लेझर कोण नेणार? जे सहा-सात जण आजही येतात तेच. उरलेल्या चाळीस जणांना तिचा काही उपयोग नाही.

त्या चाळीस जणांसाठीची बोट तुमच्याकडे आधीच आहे. एंटरप्राइज! जॅक होल्ट यांनी 1956 साली ती दोन माणसांसाठीच बेतली. अनुभवी माणूस सुकाणूवर बसतो, नवखा पुढच्या छोट्या शिडाचा दोर सांभाळतो आणि वीस मिनिटांनी दोघं जागा बदलतात. पहिल्याच दिवशी ज्यानं टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलल्यावर बोटीचं नाक उजवीकडे वळलेलं स्वतःच्या हातानं अनुभवलं, तो माणूस परत येतो. काठावर खुर्ची टाकून चहा घेऊन गेलेला येत नाही. तेव्हा पहिला पैसा दोन्ही एंटरप्राइज उभ्या करायला खर्च करा.

त्यातून पैसे उरले आणि काही नवं घ्यायचंच असेल, तर आहे त्याच लेझरसाठी लहान शीड घ्या. एकाच सांगाड्यावर 4.7, 5.76 आणि 7.06 चौरस मीटर अशी तीन शिडं चढतात. आता त्यांना आयएलसीए 4, 6 आणि 7 म्हणतात. दोन्ही लहान शिडांना डोलकाठीचा खालचा तुकडा वेगळा, आखूड लागतो. बोट, सुकाणू, डॅगरबोर्ड म्हणजे मधून पाण्यात उतरवायची फळी, सगळं तेच. एवढ्यानं पन्नास किलोच्या आसपासची मुलगी किंवा मुलगा तुमची जुनी लेझर झेपवू शकतो. तुमची शिबिरातली मुलं का टिकत नाहीत याचं अर्धं उत्तर यातच आहे. त्याकडे पुढे येतेच.

आधी त्या बंद सहा बोटी. क्लबांमध्ये बोट बंद पडायला मोठं कारण फार क्वचित असतं. पाणी काढायचं बूच हरवलं, सुकाणूची पिन वाकली, टिलरला जोडलेल्या लांब काठीचा रबरी सांधा तुटला, शिडातल्या पट्टीचा खिसा उसवला. कुणीतरी बोट भिंतीला टेकवून ठेवतं, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतं आणि मग पावसाळा येतो. दोन रविवार सकाळी सगळ्या बोटी बाहेर काढा. प्रत्येकीला एक कार्ड बांधा आणि तिला नेमकं काय हवंय ते त्यावर लिहा. लेझर अशी तपासा: ती गवतावर ठेवून मागून खाली झुकवा, बूच काढा आणि आतून किती पाणी येतं ते पाहा. पाणी आलं तर त्या भोकाला नळी लावून तोंडानं हवा भरा. पंप वापरू नका, दाब जास्त झाला तर डेकचा, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागाचा, जोड उकलतो. एकजण हवा भरत असताना दुसऱ्यानं ब्रशनं साबणाचं पाणी कडेच्या जोडावर, डोलकाठीच्या भोकाभोवती, सुकाणूच्या स्क्रूंपाशी लावत जायचं. जिथे फुगा धरेल तिथे खडूनं फुली मारा. मग डोलकाठीचं भोक पाण्यानं काठोकाठ भरून पंधरा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर ती बोट दुरुस्तीशिवाय वाऱ्यात सोडू नका. तिथे कमजोरी असली तर भर वाऱ्यात डेक फाटून डोलकाठी आडवी होते. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या पिशव्या असतात. त्या संध्याकाळी फुगवून ठेवा आणि सकाळी हात लावून पाहा, मऊ पडलेली पिशवी बदला.

फायबरचं काम करणारे कारागीर तुम्हाला सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मिळतील. त्यांनी बोट पाहिलेली नसली तरी रेझिन आणि ग्लास मॅट त्यांच्या रोजच्या हातातलं आहे. मात्र घासकाम आणि रेझिनचं काम धरणाच्या काठावर करू नका. बचाव बोटीत पेट्रोलही पाण्यापासून लांब, खाली ट्रे ठेवूनच भरा. नाशिक शहर हेच पाणी पितं. या धरणावर शिडं फिरू देतात ही सवलत आहे, आणि ती टिकवायची तर पाणी नासवणाऱ्यांत आपलं नाव येता कामा नये. जलसंपदा विभागाच्या परवानगीची मुदत कधी संपते तेही याच निमित्तानं पाहून ठेवा.

सुरक्षेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. बचाव बोट चालू नसेल तर त्या दिवशी एकही शीड पाण्यात जाणार नाही, अध्यक्षांचंही नाही. एकेकट्यानं चालवायच्या सहा बोटींमागे एक बचाव बोट एवढं प्रमाण धरा. ती चालवणाऱ्याच्या पायाला किल कॉर्ड बांधलेली हवी, म्हणजे तो पडला तर इंजिन त्याच क्षणी बंद होतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. इंजिनाची बोट असल्यामुळे तिची नोंदणी आणि विमा कागदावर आहे ना, हे बघा. अंतर्देशीय जलयानांचा 2021 चा कायदा यांत्रिक बोटींना लागू आहे. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्याच्याही. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. हनुवटीपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. बोट मुद्दाम उलटवून सरळ करायचा सराव प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच द्या. जो एकदा उलटून सुखरूप वर आला त्याची निम्मी भीती जाते.

गंगापूरचं पाणी वर्षभर सारखं नसतं, हे शहरातून येणारे सभासद विसरतात. दिवाळीत काठाशी असलेलं पाणी एप्रिल-मेपर्यंत बरंच आत सरकतं. मधे चिखल राहतो आणि एरवी बुडालेले खडक हातभर पाण्याखाली येतात. पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे सगळं नाशिक विचारतं. ते पाणी आपल्याच धरणातून सोडलेलं असतं, म्हणून विसर्ग सुरू असताना क्लब बंद आणि सांडव्याच्या बाजूला एरवीही जायचं नाही. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट कानावर आला की सगळे काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पाण्यात कुणी नाही. ॲल्युमिनियमची उंच डोलकाठी घेऊन उघड्या पाण्यावर थांबायची ती वेळ नसते.

हे खडक कुठे आहेत, बुडालेली झाडं कुठे, वारा कुठून फिरतो हे सगळ्यात चांगलं कुणाला ठाऊक? काठच्या गावांतल्या मासेमारांना. क्लबातली मंडळी त्यांच्याशी बोलतात ती फक्त सुकाणूत जाळं अडकलं की. एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. जाळी कुठल्या भागात असतात ते विचारा, तो भाग नकाशावर लाल करा आणि आपल्या बोटी तिकडे नेऊ नका. चूक होऊन जाळं फाटलं तर भरपाई क्लबनं त्याच दिवशी द्यावी. आणि गंगावऱ्हे, सावरगावच्या मुलांना शिबिरात पाच जागा विनाशुल्क ठेवा. पाण्याशी खेळत वाढलेली ही मुलं तुमच्या शहरी मुलांपेक्षा लवकर शिकतील. उद्या बचाव बोट चालवायला आणि शिकवायलाही तीच येतील.

मुलं टिकवायची तर शिबिराचा महिना बदला. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं, ऊन डोक्यावर, आणि शिबिर संपताच पाऊस आणि शाळा. पुढचे पाच महिने त्या मुलाला बोट दिसत नाही, मग ते विसरणारच. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत घ्या. धरण भरलेलं असतं, वारा हलका म्हणजे नवशिक्यांच्या बेताचा, आणि पुढे सलग सहा महिने हंगाम. शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर पुढच्या चार रविवारांच्या तारखा हातात द्या, आणि कुठली बोट त्याच्या नावावर लावली आहे तेही लिहून द्या. आईवडील गाडीत बसून मोबाइल बघत असतात, त्यांना एंटरप्राइजमध्ये घाला. मूल आणि पालक दोघंही पाण्यावर असले की घरी रविवारचा वाद होत नाही.

ऑप्टिमिस्ट पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची बोट. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल उंच होतं, गुडघे बोटीत मावत नाहीत, आणि मोठी लेझर अजून झेपत नाही. त्या वयातलं मूल जातं ते कायमचं. म्हणून मघाशी लहान शिडाचं सांगितलं. देवासच्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच आयएलसीए 4 बोटीवर रौप्यपदक घेऊन आली. तिच्याही गावाला समुद्र नव्हता. वल्हवण्यात आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा रोइंगच्या बोटीत बसला, 2016 ला रिओ ऑलिंपिकला गेला आणि 2018 ला इंडोनेशियातल्या पालेमबांगला आशियाई सुवर्ण जिंकलेल्या चौघांत होता. मुलांना ही नावं सांगा. पदकासाठी सांगा असं मी म्हणत नाही. नाशिकच्या मुलानं पाण्यात उतरणं काही अजब नाही, एवढं त्यांना कळायला हवं.

मुलींचा विषय निघालाच आहे तर: काठावर कडी लागणारं, आत पाणी असलेलं कपडे बदलायचं खोपटं आणि स्वच्छतागृह आहे का? नसेल तर ते एंटरप्राइजच्याही आधी.

तरुणांचं रेसचं म्हणणं बरोबर आहे. कुठे पोचायचं हे ठरलेलं नसेल तर माणूस तीन रविवारांत तीच चक्कर मारून कंटाळतो. फक्त रेस अशी हवी की अकरा वर्षांचं मूलही जिंकू शकेल. त्यासाठी पोर्टस्मथ यार्डस्टिक नावाची सोपी पद्धत आहे. प्रत्येक प्रकारच्या बोटीला एक आकडा असतो, संथ बोटीला मोठा. लागलेल्या वेळेला 1000 नं गुणायचं आणि त्या आकड्यानं भागायचं. लेझरचा आकडा साधारण 1100, ऑप्टिमिस्टचा 1640 धरा. काकांच्या लेझरनं 33 मिनिटं घेतली तर हिशेब येतो 30 मिनिटं. ऑप्टिमिस्टमधल्या मुलीनं 48 मिनिटं घेतली तर येतात 29 मिनिटं आणि काही सेकंद. जिंकली ती मुलगी! फळ्यावर हे गणित सगळ्यांसमोर करा. तीन बोया म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, एक घड्याळ, एक शिट्टी, महिन्यातून दोनदा, बस. ट्रॉफ्यांवर खर्च नको.

आता माणसं. सगळं तुम्हा चौघांच्या गळ्यात आहे, कारण सगळ्या किल्ल्या तुमच्या चौघांच्या खिशात आहेत. "कुणी कामाला पुढे येत नाही" असं प्रत्येक सचिव म्हणतो. पुढे येणाऱ्याला नेमकं काय करायचं, कधीपासून कधीपर्यंत, हे मात्र कुणी सांगत नाही. 46 जणांची पाळी लावा: दर रविवारी दोघं, एक जुना आणि एक नवा. त्यांची कामं एका पुठ्ठ्यावर लिहून शेडच्या दाराला टांगा. कुलूप उघडणं, पेट्रोल पाहणं, जॅकेटं मोजणं, वही भरणं, शिडं गुंडाळून आत ठेवणं. शिडं उन्हात फडफडत ठेवली तर कापड लवकर मरतं, हेही त्यावर लिहा. वर्षाला प्रत्येकाच्या वाट्याला फार तर दोन-तीन पाळ्या येतील. वर्गणीची पावती फाडतानाच पाळीच्या तारखा द्या. किल्ल्यांच्या जास्तीच्या जोड्या करून घ्या. पहिले दोन महिने गोंधळ होईल, एखाद्या रविवारी बूच सापडणार नाही. तुम्ही धावत जाऊन ते काम करू नका, पाळीवाल्यालाच शोधू द्या.

अध्यक्ष काकांना समितीच्या बैठकीत उत्तर देऊ नका, आधी घरी जाऊन भेटा. ज्यांनी हा क्लब उभा केला त्यांना तो डोळ्यांदेखत रिकामा होताना दिसतोय. नवी लेझर हा त्यांना सुचलेला उपाय आहे, त्यामागची कळकळ खरी आहे. वही घेऊन जा, आकडे त्यांना वाचू द्या. आणि त्यांच्याकडे खरं काम मागा. एंटरप्राइजवर नवख्यांना घेऊन बसण्याचं काम त्यांच्याइतकं चांगलं कोण करेल? ग्रुप सोडून गेलेल्या दोघांना मेसेज नको, फोन करा, आणि रेस लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाका. व्हॉट्सअॅपवर यापुढे फक्त वेळ, वारा आणि पाळी. बाकी सगळं काठावर, समोरासमोर.

राहिला तुमचा राजीनामा. आत्ता दिलात तर तो भांडणाच्या बाजूनं मोजला जाईल आणि पुढचा माणूस या पदाला हात लावणार नाही. मार्चअखेरपर्यंत थांबा, पण आजच जाहीर करा की वार्षिक सभेनंतर तुम्ही सचिव नसाल. मग पाळीवाल्यांतला जो सर्वात कमी कुरकुर करत काम करतो त्याला जानेवारीपासून सहसचिव म्हणून बरोबर घ्या. बँकेत, जलसंपदाच्या कार्यालयात, इंजिनाच्या मेकॅनिककडे त्याला स्वतः घेऊन जा. सभेत नवी कार्यकारिणी निवडली की चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करा. तेवढं सोडून जाऊ नका. तो राहिला की कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठीचा, पैसा मागायला गेलात तर पहिल्याच टेबलावर फाइल अडते. दाखल केल्याची पोच नव्या सचिवाच्या हातात द्या. मग किल्ल्या देऊन मोकळे व्हा आणि पुढच्या रविवारी दुपारी दोनला साधे सभासद म्हणून या.